मोगऱ्याचा ताण आणि पेंडीची बादली

बाळांनो,

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं होतं, "आजोबांचा शर्ट एवढा मोठा का झालाय?" मी म्हटलं, धुऊन धुऊन सैल पडला. ते खरं नव्हतं. शर्ट होता तेवढाच होता, आतले आजोबा कमी झाले होते. तुमच्या आईबाबांना सगळं माहीत होतं. पण तुमच्या परीक्षा चालल्या होत्या, आणि इतक्या लांबून काळजी करण्यापलीकडे तुम्हाला काही करता आलं नसतं. म्हणून आम्ही मोठ्यांनी ठरवलं, की निभावलं की मगच सांगायचं. आता निभावलं आहे. म्हणून आज सकाळची कामं उरकून, टेबल पुसून लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं, हे मला कळतं. पण यातली माणसं मराठीत बोलली, तीही आपल्या इकडच्या मराठीत. ती इंग्रजीत बोलायला लागली की मलाच ओळखू येत नाहीत. कुठं अडलं तर बाबांना विचारा.

गोष्ट आपल्या अंगणातल्या मोगऱ्याची आणि आजोबांच्या नाकाची आहे.

तुम्ही अणदूरला आलात तेव्हा फार लहान होता, म्हणून अंगण पुन्हा सांगते. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला, भिंतीच्या कडेनं मोगऱ्याची रांग. डाव्या हाताला रातराणी, मुद्दाम झोपायच्या खोलीपासून लांब. पोर्चच्या लोखंडी कमानीवर जाई. नळापाशी कुंड्यांत मरवा आणि दवणा, त्यापलीकडं निशिगंधाचा लहानसा वाफा. पायरीशी अर्ध्या पिंपात अनंत. इथल्या क्षाराच्या पाण्यानं त्याची पानं पिवळी पडतात, म्हणून त्याला मी अधूनमधून आंबट ताक पाजते.

आपल्या गावात पाणी बेताचं. नळाला ते रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात तर टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी फुलझाडं लावणं काहींना चैन वाटते. पण वासाच्या झाडांचं एक बरं असतं. रंगीत, मोठ्या फुलांना पाणी फार लागतं. मोगरा, जाई, रातराणी थोडक्यात भागवतात आणि वास मात्र सगळ्या गल्लीला देतात. मला नीटनेटकेपणाची आवड, आणि या झाडांना शिस्त मानवते. आमचं जमून गेलं.

सुरुवातीला मी पुस्तकं वाचून बाग केली. माझं शिक्षण सोलापूरला इंग्रजी शाळेत झालं. लग्न होऊन इथं आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली बागकामाची इंग्रजी पुस्तकं होती. ती लिहिणाऱ्यांना एकाच गोष्टीची भीती, थंडीत झाडं गोठतील याची. गुलाबाला गवताचं पांघरूण कसं घालायचं, यावर पानंच्या पानं. आणि इथं मे महिन्यात फरशीवर पाय ठेववत नाही. पुस्तकं कपाटात गेली आणि मी सासूबाईंचं ऐकायला लागले.

सासूबाईंचा मोगऱ्याचा नियम असा: देव नळदुर्गला गेला की पाणी तोडायचं, देव घरी आला की पाणी सोडायचं. आपल्या अणदूरचा खंडोबा वर्षातला बहुतेक काळ इथं असतो, आणि थंडीत काही आठवडे नळदुर्गला राहायला जातो. देवळं दोन, मूर्ती एकच. पालखीतून जाते, पालखीतून येते. नेमका तोच काळ मोगऱ्याला ताण द्यायचा. ताण म्हणजे पाणी बंद ठेवायचं, पानं पिवळी होऊन गळू द्यायची, झाडाच्या नुसत्या काड्या होऊ द्यायच्या. मग छाटायचं, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडं ऊन दाखवायचं, शेणखत घालायचं आणि पाणी द्यायचं. असं वागवलं की उन्हाळ्याच्या तोंडाला झाड कळ्यांनी भरून जातं. वर्षभर लाडानं पाणी पाजलं तर पानं येतात, भरपूर येतात, आणि फुलांच्या नावानं काही नाही.

हे तुमच्या आजोबांना कधीच पटलं नाही.

"अगं, तहानलेल्याला पाणी पाजावं, का वर आणखी उपाशी मारावं?"

"तुम्ही पोस्टात होता तेव्हा शिक्का कसा मारायचा ते मी सांगायला येत होते का?"

"येत होतीस की. सरळ मारा, तिरका पडतो, म्हणायचीस."

वाद घालून उपयोग नाही हे कळल्यावर त्यांनी दुसरा मार्ग काढला. मी संध्याकाळी देवळाकडं गेले की ते गुपचूप मोगऱ्याला पाणी घालायचे. परत आल्यावर बुंध्याशी ओल दिसायची. मी बोलत नसे. अर्धामुर्धा ताण बसायचा, फुलं तरीही बऱ्यापैकी यायची, आणि सगळा उन्हाळा आजोबांच्या शर्टाच्या खिशात दोन-तीन कळ्या असायच्या. खिशाला पिवळा डाग पडायचा आणि तो काढायचं काम माझं.

आता नाकाचं सांगते. पावसाळा सरता सरता रातराणी एकदा जोरात फुलते. त्या वासानं आजोबांचं डोकं चढतं. दरवर्षी त्या दिवसांत संध्याकाळी खिडकी आपटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ, "उपटून टाकतो एकदा ही!" गेल्या वर्षी रातराणी झुबक्यांनी लगडली. रस्त्यानं जाणारे वळून बघत होते. आणि आपली खिडकी उघडी. आजोबा खिडकीशीच बसून पेपर वाचत होते.

मी विचारलं, "आज डोकं नाही दुखत?"

ते म्हणाले, "कशानं?"

मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. कित्येक दिवस त्यांना कशाचाच वास येत नव्हता. वास नाही म्हणून चव नाही. येसराची आमटी त्यांचा जीव की प्राण, म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो आपल्याकडचा येसर. तीसुद्धा ते वाटीत तशीच ठेवायला लागले होते, आणि मी समजत होते की वयामुळं भूक मंदावली.

"सांगायचं नाही का?"

"काय सांगू? सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, असं म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, स्वयंपाकाला नावं ठेवतोय."

सोलापूरच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं, स्कॅन केलं. म्हणाले, आत मांस वाढलंय, दोन्हीकडून वाट बंद झालीय. ऑपरेशन करून काढू आणि तपासायला पाठवू. 'तपासायला पाठवू' हे शब्द ते फार हळू बोलले. आम्ही दोघांनीही ऐकले आणि बसमध्ये घरी येईपर्यंत एकमेकांशी दुसऱ्याच गोष्टी बोललो.

ऑपरेशन ठरलं ते थंडीत. देव नुकताच नळदुर्गला गेला होता आणि मी नियमाप्रमाणं मोगऱ्याचं पाणी तोडलं होतं. सोलापूरला माझ्या धाकट्या बहिणीकडं बरेच दिवस राहावं लागणार होतं, म्हणून झाडं शेजारणीवर सोपवली. शेजारची गिरणी तुम्हाला आठवत असेल, पिठानं पांढरी झालेली. ती गिरणीवाली. तिच्या लग्नापासून मी तिला बघते आहे. ती मला बाई म्हणते, कारण मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आणि आजोबांना मास्तर म्हणते, कारण ते पोस्टमास्तर होते.

तिला अंगणात फिरवून सगळं दाखवलं. जाईला बादलीभर, कुंड्यांना तांब्या तांब्या, अनंताला ताक.

"आणि मोगऱ्याला एक थेंबसुद्धा द्यायचा नाही."

"थेंब न्हाय," ती म्हणाली. "तुमी निवांत जावा बाई. मास्तरांकडं बघा."

ऑपरेशन नीट झालं. मग रिपोर्टची वाट बघणं. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बहिणीच्या घरी मी तिच्या सगळ्या कपाटांचे कप्पे लावून दिले, एवढंच. रिपोर्ट आला: गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं. खाली येऊन रिक्षात बसलो आणि मी रडायला लागले.

आजोबा म्हणाले, "आता काय झालं? साधी आहे म्हणाले ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

जीव वाचला होता. पण त्या जिवाला खायला घालायचं बाकी होतं. डॉक्टर म्हणाले होते, नाकाची वाट मोकळी झाली, तरी वास लगेच येईल असं नाही. कुणाला पंधरा दिवसांत येतो, कुणाला सहा महिन्यांत, आणि कुणाला... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी विचारलं, खाण्याचं काय? ते म्हणाले, वास आला की खाणं आपोआप येईल, तोवर वजन सांभाळा. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक चार वास घ्यायला सांगितले. मी चार बाटल्या केल्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाबपाणी. झाकणांवर चिठ्ठ्या लावल्या. आजोबा एकेक बाटली नाकाशी धरायचे, खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "नो सच अॅड्रेस." पोस्टाचा विनोद होता. पहिल्यांदा हसू आलं, नंतर नाही.

दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मी ओरडले तर तिसरा खायचे, औषध गिळल्यासारखा.

तेव्हा मी मनातल्या मनात एक गोष्ट धरून बसले. मोगरा. बाटलीतल्या लवंगेशी त्यांचं काही नातं नव्हतं, मोगऱ्याशी होतं. यंदा चोरून पाणी घालणारं कुणी नव्हतं, म्हणजे ताण पहिल्यांदाच पुरता बसणार होता. फाल्गुनात कळ्या धरतील, चैत्रात बहर येईल, असा बहर की अंगणात पाऊल टाकताच वास अंगावर यावा. तेवढ्या वासापुढं नाक किती दिवस बंद राहील? याला शास्त्राचा आधार नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण काहीतरी धरून बसायला लागतं. शेजारीण फोनवर रोज सांगायची, "झाडं झ्याक हायती बाई." मला बरं वाटायचं.

आम्ही परतलो तोवर देवही नळदुर्गहून परत आला होता. रिक्षा थांबली, मी फाटक उघडलं आणि तिथंच उभी राहिले. मोगऱ्याची रांग हिरवीगार होती. नुसती हिरवी नाही, काळपट हिरवी, तुकतुकीत, हातभर नव्या फांद्या फुटलेली. एवढी पानं मी त्या झाडांवर कधी पाहिली नव्हती. वाकून, पानं बाजूला करकरून शोधलं. कळी एक नाही.

शेजारीण भिंतीपलीकडनं आली ती पदराला हात पुसतच.

"बाई, रागवू नगा. आदी ऐकून घ्या."

"तुला थेंब नाही म्हटलं होतं ना?"

"म्हनला होताव. पर तुमी गेलाव आन् पानं पिवळी पडायला लागली. मग गळाली. मग नुसत्या काड्या. मास्तर तिकडं दवाखान्यात आन् हिकडं दारात वाळकी झाडं! बरं दिसतंय का ते? येनारा-जानारा फाटकापशी थांबायला लागला. हळूच इचारायचा, मास्तर हायती ना म्हनून. मला बघवंना झालं बाई."

"मग?"

"मग दिला एक तांब्या. तांब्यानं काय हुतंय, म्हनून बादली. टँकर आला की आमी आमच्यातलं काडून ठेवायचो. समोरच्या घरानं बी घागर दिली, पलीकडच्यांनी बी दिली. समद्या गल्लीनं दिलंय पानी. मास्तरांसाठी म्हनून."

टँकरमागं पळून, रांगेत भांडून भरलेलं पाणी. ते लोकांनी स्वतःच्या पिंपातलं काढून माझ्या मोगऱ्याला घातलं होतं, माझ्या नवऱ्याचं बरं व्हावं म्हणून. आणि त्यामुळंच ज्या एका गोष्टीवर मी आशा ठेवली होती ती गेली होती. तिला हे सांगणं शक्य नव्हतं.

एवढंच म्हटलं, "अगं, ही झाडं दरवर्षी थंडीत वाळतात."

"न्हाय बाई. एवडी कवाच वाळत न्हाईत. दरसाल मास्तर घालत्यात की पानी, तुमी देवळात गेलाव की. समद्या गल्लीला ठावं हाय."

आजोबा रिक्षातून उतरून मागं उभे होते. ते कावरेबावरे होऊन माझ्याकडं बघायला लागले.

"मलाही ठाऊक आहे," मी म्हटलं.

"तुला ठाऊक होतं?"

"ओली माती मला दिसत नाही का?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"बोलले असते तर तुम्ही दिवसाढवळ्या घातलं असतं."

आजोबा हसले. ऑपरेशनच्या आधीपासून हसले नव्हते ते हसले, भिंतीला धरून. शेजारीण पण हसली. मग मीही. हसून झाल्यावर मी आत जाऊन कात्री शोधली.

उशीर झाला होता, पण सगळंच हातचं गेलं नव्हतं. पाणी तोडलं, थोडे दिवस कोरडं ठेवलं, आणि मग सगळी रांग गुडघ्याच्या खाली छाटली. उरलेली पानं हातानं ओरबाडून काढली. शेजारीण फांद्या गोळा करायला आली होती. एकेक हिरवी फांदी उचलून म्हणायची, "आमचं पानी कापायलाव बाई." आजोबा खुर्चीवर बसून बघत होते. यंदा त्यांनी चोरून पाणी घातलं नाही. मला तेच जास्त लागलं. घालायची उमेद नव्हती म्हणून घातलं नाही.

त्या दिवसांत त्यांचं खाणं आणखी कमी झालं. दर सोमवारी गिरणीतल्या काट्यावर मी त्यांना उभं करायची. गिरणीवाला ज्वारीच्या पोत्यांमधनं वाट करून द्यायचा, काटा बघायचा आणि आकडा मोठ्यानं न वाचता मला नुसता दाखवायचा. दर खेपेला थोडा मागं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मी येसराची आमटी केली, चांगली झणझणीत, वर तेलाचा तवंग आलेली. एक घोट घेऊन म्हणाले, "गरम आहे, एवढं कळतं." शेजारणीनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पाठवलं, ठेचा पाठवला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, वास नाही.

छाटलेल्या झाडांना आता खाऊ घालायला हवं होतं. उशिरा छाटलं की नुसत्या शेणखतावर भागत नाही. घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणली, बादलीत भिजत घातली, वर पोतं टाकलं आणि घरामागं ठेवली. ती कुजायला हवी. कुजली की पाण्यात पातळ करून झाडांना घालायची. मोगऱ्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त एक अडचण असते. कुजलेल्या पेंडीचा वास कसा असतो हे लिहून सांगता येणार नाही. दरवर्षी मी तोंडाला ओढणी बांधून, श्वास रोखून ती ढवळते आणि पळत आत येते. आणि ढवळावी तर रोज लागते.

यंदा आजोबा म्हणाले, "आण इकडं ती काठी. या घरात हे काम माझ्याइतकं कुणाला जमणार आहे?"

खरंच होतं. ते रोज सकाळी चहा झाला की मागं जायचे, पोतं बाजूला करायचे आणि बादलीवर वाकून, सावकाश, खीर ढवळावी तशी पेंड ढवळायचे. तोंडावर फडकं नाही, काही नाही. काही दिवसांतच पेंड अशी उतरली की दुपारी गल्लीत दारं बंद व्हायला लागली. गिरणीत दळायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या. समोरच्या घरातून विचारणा झाली, "बाई, तुमच्याकडं काय मेलंय का?"

शेजारीण भिंतीवरून बघायची आणि म्हणायची, "मास्तरांना बक्षीस द्या बाई. दुसरा कुनी असता तर आडवा झाला असता."

त्या सकाळी मी नळापाशी दवण्याच्या कुंड्या सारख्या करत होते. मागून काठी पडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी धावले. वाटलं, चक्कर आली. आजोबा बादलीपासून चार पावलं मागं सरकून, भिंतीला पाठ लावून उभे होते. नाकावर हात.

"काय होतंय? बसा खाली."

"अगं, काय घाण आहे ही!"

मला कळलंच नाही.

"कसली घाण?"

"कसली काय? ही! हे सडकं! शी! तू दरवर्षी हे घरात ठेवतेस?"

मग मला कळलं. आणि त्यांनाही बोलता बोलताच कळलं. त्यांनी नाकावरचा हात काढला. पुन्हा बादलीपाशी गेले, वाकले, आणि ज्या वासापासून सगळी गल्ली पळत होती तो छातीभर आत घेतला. ओकारी आली. डोळे पुसले. पुन्हा वाकले.

"येतोय," म्हणाले. "येतोय गं. फार वाईट येतोय."

भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. "बाई, मास्तर बादलीत काय शोधायलेत?"

"त्यांना वास यायला लागलाय!"

"पेंडीचा?"

"पेंडीचा!"

तिनं वळून गिरणीकडं तोंड केलं आणि अशी हाळी दिली की दळण थांबलं. "अवं, मास्तरांना पेंडीचा वास यायलाय!" आतून गिरणीवाला ओरडला, "मग झाका म्हनावं आता!" पण तोही हात झटकत बाहेर आला.

मी दवण्याची काडी चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरली. ते थांबले, डोळे मिटले. "काहीतरी हिरवं," म्हणाले. लवंगेची बाटली आणली, काही नाही. लिंबाची साल, काही नाही. येसराचा डबा उघडला. बराच वेळ ते डब्यात नाक घालून उभे होते. मग म्हणाले, "आमटी कर."

मी केली. त्या दुपारी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, आमटीत कुस्करून, कुणी न ओरडता. वाटी पुढं केली. मी दुसऱ्यांदा आमटी वाढली आणि भांडी घासायच्या निमित्तानं मोरीकडं गेले, कारण मला त्यांच्यासमोर पुन्हा रडायचं नव्हतं.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं समजू नका. वास आला तो वेडावाकडा आला. कॉफीला जळक्या रबराचा वास येतो म्हणाले. साबणाला आधी काहीच नव्हता, मग एकदम आंघोळीच्या मध्येच आला आणि ते आतून ओरडून सांगायला लागले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असंच येतं, वाकडं येऊन मग सरळ होतं, आणि एकदा यायला लागलं की बहुधा जात नाही. मी त्यांना पेंडीचं सांगितलं. ते फोनवर बराच वेळ हसत होते. म्हणाले, बाकीच्या पेशंटना हे सांगता येणार नाही.

मोगरा वैशाखात फुलला. बहर म्हणावा असा नव्हता. पेंडीनं झाडं सुधारली होती, पण वेळ टळली होती. एका सकाळी परातीचा तळ झाकेल एवढ्याच कळ्या निघाल्या. मी ओंजळीत घेऊन आत गेले. आजोबांनी त्या हातात घेतल्या, नाकाशी नेल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता टेबलावरची वर्तमानपत्रं लावायला लागले.

ते म्हणाले, "मोगरा आहे हे डोळ्यांना कळतंय. नाकाला अजून नाही."

मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. त्यांनी सकाळी दोन धिरडी खाल्ली होती. आणि त्या कळ्या मी शेजारणीकडं पाठवल्या, समोरच्या घरी पाठवल्या, पलीकडंही पाठवल्या. पाणी त्यांचं होतं. संध्याकाळी गिरणीतल्या पिठाच्या ढगात शेजारीण डोक्यात गजरा घालून उभी होती आणि तो गजरा अर्ध्या तासात पिठानं माखला.

गेल्या सोमवारी गिरणीवाल्यानं आकडा मोठ्यानं वाचला. दोन महिने काटा पुढं सरकतो आहे. तुमचे बाबा आता तिकिटं बघतो म्हणतात. त्यांना मी सांगितलं आहे की घाई नको, पण याच.

काय काय उरलं आहे ते सांगते, म्हणजे आल्यावर तुम्हाला शोधावं लागणार नाही. अनंत गेला, ताक वेळच्या वेळी मिळालं तरी गेला. त्याचं पिंप रिकामं आहे. मोगऱ्याचं कोपऱ्यातलं एक झाड उशिराची छाटणी सोसू शकलं नाही. बाकीची रांग जिवंत आहे आणि तिला नवी पानं आहेत. जाई आहे, मरवा आहे, निशिगंध आहे. दवणा उन्हात वाळला, पण त्याचं बी धरलं आहे. आजोबांना लसणाचा वास येतो, येसराचा येतो, साबणाचा येतो, गिरणीतल्या गरम पिठाचा येतो. मोगऱ्याचा अगदी नाकाशी नेला तर थोडा येतो. ते सकाळी एक आणि रात्री एक भाकरी खातात.